प्रोसिडिंग बुक मागून बघ

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी एस.वाय.बी.ए.ला आहे, राज्यशास्त्र मेजर. गावाहून कॉलेजला एस.टी.ने पाऊण तास लागतो. बारावीला बरे मार्क होते, म्हणून सगळे म्हणत होते की नर्सिंग कर, नाहीतर डी.एड. कर. मी राज्यशास्त्र घेतलं ते आमच्या अकरावीच्या सरांमुळे. संविधानाची उद्देशिका शिकवताना त्यांनी एक अख्खा तास 'आम्ही' या एकाच शब्दावर घेतला होता. आम्ही म्हणजे कोण, त्यात आपली आजी येते का, गावाबाहेरच्या वस्तीतले लोक येतात का, असं ते विचारत गेले. तो तास माझ्या डोक्यातून जात नाही.

कॉलेजात मात्र तसं काही नाही. आमच्या विभागातली एक जागा कित्येक वर्षं भरलेली नाही. दुसरे सर तासिका तत्त्वावर आहेत, ते दोन कॉलेजं करतात. पटावर चौसष्ट जण आहेत, वर्गात बसतो आम्ही आठ-नऊ. बाकीचे परीक्षेच्या आठ दिवस आधी गाईड आणतात. पहिल्या सेमिस्टरला मीही गाईडवरून पेपर लिहिला आणि वर्गात पहिली आले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आणखी एक सांगायचं आहे. फील्ड प्रोजेक्टला मी 'महिला ग्रामसभा' हा विषय घेतला होता. ग्रामपंचायतीत चौकशीला गेले तर तिथले काका म्हणाले, "महिला सभा झाली, सह्या झाल्यात." रजिस्टरमध्ये माझ्या आईची सही होती. आई सभेला गेली नव्हती. घरी विचारलं तर म्हणाली, "रजिस्टर घरी आलं होतं, सगळ्याजणी करत होत्या, मीही केली." हे मी प्रोजेक्टमध्ये लिहिलं नाही. गाईडमधली महिला सक्षमीकरणाची सहा उद्दिष्टं उतरवून दिली.

वडील म्हणतात, पदवीनंतर दोन वर्षं एम.पी.एस.सी. कर, नाही झालं तर लग्नाचं बघू. मामा विचारतो, राज्यशास्त्र घेऊन पुढारी होणार का? मला कधी तहसीलदार व्हावंसं वाटतं, कधी आमच्या अकरावीच्या सरांसारखं शिकवावंसं वाटतं. या विषयात पुढे काय आहे? आणि अशा कॉलेजात शिकून मी कुठे पोहोचू शकते का?
– एक विद्यार्थिनी, मराठवाडा (नाव छापू नये)

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. नोकरीचं बोलूच, पण आधी त्या रजिस्टरचं बोलू या, कारण तुझ्या अख्ख्या पत्रात राज्यशास्त्र खरं तिथे आहे.

४ नोव्हेंबर १९४८ला डॉ. आंबेडकरांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. त्या भाषणात ते खेड्याबद्दल फार कडक बोलले. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा, अशा अर्थाचे त्यांचे शब्द आहेत. मसुद्यानं गाव बाजूला ठेवून व्यक्तीला एकक मानलं, याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. अनेक सदस्य नाराज झाले. मग २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींविषयी दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. तोच आजचा अनुच्छेद ४०. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत गेला, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येणार नाही अशा जागी. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली तेव्हा कुठे पंचायतींना घटनेत पक्की जागा मिळाली. त्याबरोबर स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. आपल्याकडे २०११पासून त्या निम्म्या आहेत. पुढे राज्याच्या कायद्यानं असंही सांगितलं की ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, म्हणजे पुरुषांसमोर जे बोलता येत नाही ते तिथे बोलता येईल.

इतका सगळा प्रवास करून तो नियम तुझ्या घराच्या ओट्यापर्यंत आला, आणि तिथे एका सहीत संपला. बाबासाहेबांना गावाबद्दल जी शंका होती आणि संथानम यांना जी आशा होती, ती दोन्ही तुझ्या आईच्या त्या सहीत आहेत. हे तू डोळ्यांनी पाहिलंस. एम.ए.च्या मुलांना मी सांगून सांगून थकायचे की विषय असा शोधा, आणि तुला तो एस.वाय.ला घरातच सापडला.

प्रोजेक्टमध्ये लिहिलं नाहीस म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. तुला त्या गावात राहायचं आहे, आईलाही राहायचं आहे. अशी गोष्ट नावागावानिशी लिहून तिच्यावर संकट आणायचं नसतं. संशोधनातही हाच नियम आहे : माहिती देणाऱ्याला इजा होता कामा नये. पण गाईडमधली सहा उद्दिष्टं लिहिणं हाही त्यावरचा उपाय नव्हता. गावाचं नाव गाळून, बायकांची नावं गाळून तेच खरं लिहिता आलं असतं.

आता माझं थोडं सांगते. मी १९९३च्या जूनमध्ये एका तालुक्याच्या कॉलेजात रुजू झाले, दुरुस्ती लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. क्रमिक पुस्तकात तो धडाच नव्हता. वर्तमानपत्रांची कात्रणं घेऊन मी शिकवायची. दोन-तीन वर्षांनी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई राखीव जागेवर पंचायतीत निवडून आली. मी त्यांना वर्गात बोलावलं. नऊवारीतल्या बाई, डोक्यावरचा पदर सावरत टेबलाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनीच आम्हाला प्रश्न विचारला : "ठराव करायचा म्हंजे नेमकं काय करायचं? तो लिहायचा कुणी? मी बोलले आन् त्यांनी लिहिलंच न्हाई, तर?" टी.वाय.चा वर्ग गप्प, आणि मीही गप्प. प्लेटोपासून सगळं शिकलेली मी, मला ठराव कसा होतो ते माहीत नव्हतं. त्या रविवारी मी १९५८चा ग्रामपंचायत अधिनियम आणि त्याखालचे नियम पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलीबरोबर एका कागदावर उत्तर लिहून पाठवलं. माझं शिकवणं तिथून बदललं, आणि पुढची तीस वर्षं मी प्रत्येक वर्गाला तो कागद वाचून दाखवला.

म्हणून तुला पहिलं काम हेच देते. ग्रामपंचायतीत जा आणि प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांची इतिवृत्तं लिहिलेली वही, बघायला माग. भांडायला जाऊ नकोस, रजिस्टरचा विषय काढूही नकोस. "कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, मागच्या दोन वर्षांच्या ग्रामसभांची इतिवृत्तं वाचायची आहेत," एवढंच सांग. पंचायत अधिकारी भला असला तर खुर्ची देईल. नाहीच म्हणाला तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. पण आधी तोंडी विचार. बहुतेक ठिकाणी मुलीनं वही-पेन घेऊन नीट विचारलं की दाखवतात, हा माझा अनुभव आहे.

वही हातात आली की घाईनं ठरावांकडे जाऊ नकोस, आधी हजेरी मोज. ग्रामसभेला गणपूर्ती लागते : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी तो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. किती सभा पहिल्याच दिवशी झाल्या आणि किती तहकूब होऊन, हे मोजलंस तरी तुझ्या हाताला असं काही लागेल जे कुठल्याही पुस्तकात नाही. मग बघ, सूचक म्हणजे ठराव मांडणारा कोण, अनुमोदक म्हणजे त्याला दुजोरा देणारा कोण. तीच चार नावं फिरतात का? बाईचं नाव सूचक म्हणून किती वेळा येतं, आणि आलं तर कुठल्या विषयावर? त्यानंतर नमुना १ माग, म्हणजे पंचायतीचं अंदाजपत्रक. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के बंधित होते, ते पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे, आणि ४० टक्के अबंधित. अबंधितचं काय झालं ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुला मोबाइलवरही दिसेल. पोर्टलवर लिहिलेलं काम गावात त्या जागी जाऊन बघ. आहे का, पुरं झालंय का.

यातून दहा पानं लिही. मराठीत लिही, तुझ्या शब्दांत, गावाचं नाव न घालता. तासिकेवरच्या सरांना दाखव. दोन कॉलेजं करून दमलेला माणूससुद्धा खरं लिहिलेली दहा पानं हातात आली की उठून बसतो. आणि त्यांची नेमणूक पुढच्या वर्षी राहील न राहील, पण ते शिफारसपत्र देऊ शकतात, पुढच्या विद्यापीठात कुणाला भेटायचं ते सांगू शकतात.

वर्गात आठ-नऊच जण बसता, याचं तुला वाईट वाटतं. मला उलट वाटतं. आठ जण म्हणजे चर्चेला नेमकी संख्या. शनिवारी दुपारी एकत्र बसा आणि एक मूळ मजकूर वाचा. संविधान सभेतल्या चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. इंग्रजी आहे, म्हणून एका बैठकीत दोनच पानं घ्या, प्रत्येकानं एक परिच्छेद मराठीत सांगायचा. सहा महिन्यांत तुमचं इंग्रजी कुठल्याही क्लासपेक्षा पुढे जाईल. त्यानंतर ११ मे २०२३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घ्या, महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षावरचा. व्हीप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, कुणाचा, विधिमंडळ पक्षाचा की राजकीय पक्षाचा, राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ती बरोबर होती का, राजीनामा दिलेल्या मुख्यमंत्र्याला परत बसवता येतं का, या प्रश्नांवर गावातला प्रत्येक माणूस मत देतो. न्यायालयानं नेमकं काय म्हटलं ते वाचलेले फार थोडे. तुम्ही आठ जण त्या थोड्यांत या.

आता पुढच्या वाटांचं. वडील एम.पी.एस.सी. म्हणतात त्यात चुकीचं काही नाही. २०२५च्या परीक्षेपासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, यू.पी.एस.सी.च्या धर्तीवर. वैकल्पिक विषयांत राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध आहे. म्हणजे पर्यायांवर गोळे करायचे दिवस मुख्य परीक्षेपुरते संपले, आता पानंच्या पानं स्वतः लिहावी लागतील. मी वर सांगितलेलं काम आणि या परीक्षेची तयारी यांत फारसा फरक उरत नाही. फक्त एक कर : पदवी झाल्यावर दोन वर्षं नुसती परीक्षेला देऊ नकोस. त्याच काळात एम.ए. कर. एम.ए.बरोबर अभ्यास होतो, आणि परीक्षा नाही झाली तरी हातात पदवी राहते. मुलीच्या बाबतीत याला जास्तच महत्त्व आहे. 'काहीच करत नाही' असं लोक म्हणायला लागले की घरचे लग्नाची तारीख अलीकडे ओढतात, हे मी तीस वर्षं बघितलंय.

तुमच्या नव्या अभ्यासक्रमात तीन वर्षांवर बाहेर पडता येतं किंवा चौथं ऑनर्सचं वर्ष करता येतं. चार वर्षं केलीस तर एम.ए. एका वर्षाचं. पण चौथं वर्ष तुमच्या कॉलेजात शिकवायला माणूस आहे का ते आधी बघ. नसेल तर तीन वर्षांवर बाहेर पड आणि दोन वर्षांचं एम.ए. मोठ्या विभागात कर. दिल्ली, हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सी.यू.ई.टी.-पी.जी. ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पुणे, मुंबईच्या प्रवेशाच्या जाहिराती वेगळ्या निघतात. तुझ्या भागात तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे, ग्रामविकास शिकवणारं. तुझ्या रजिस्टरच्या प्रश्नाशी त्याचं थेट नातं आहे, एकदा जाऊन बघून ये.

शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट, या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा. महाराष्ट्राची सेट पुणे विद्यापीठ घेतं आणि ती मराठीतून देता येते. नेटमधून जे.आर.एफ. ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना महिना ३७ हजार रुपये मिळतात, घरी एक पैसा मागावा लागत नाही. पण खरं तेच सांगते : कायमच्या जागा फार हळू भरल्या जातात, आणि तासिकेवरच्या माणसाचे हाल तू रोज बघते आहेस. म्हणून शिकवण्याची ओढ असेल तर नेट-जे.आर.एफ.चं लक्ष्य ठेव, नुसत्या सेटवर थांबू नकोस.

बाकीच्या वाटा तुझ्या गावापर्यंत कुणी पोहोचवल्या नसतील म्हणून सांगते. दिल्लीत पी.आर.एस. नावाची संस्था २००५पासून खासदार-आमदारांसाठी विधेयकांचा अभ्यास करते. तिची लॅम्प फेलोशिप आहे. त्यात पंचविशीच्या आतली मुलं-मुली साधारण अकरा महिने एका खासदाराबरोबर काम करतात, प्रश्न तयार करतात, विधेयकं वाचून टिपणं देतात. पदवी कुठल्याही विषयाची चालते, इंग्रजी लिहिता यावं लागतं. 'लोकनीती' ही दिल्लीच्या सी.एस.डी.एस. या संशोधन संस्थेची शाखा निवडणुकांच्या वेळी सर्वेक्षणं करते, आणि घरोघर जाऊन प्रश्नावली भरण्यासाठी कॉलेजच्या मुलांना प्रशिक्षण देते. विद्यापीठातल्या राज्यशास्त्र विभागात नाव देऊन ठेव. माझ्या एका विद्यार्थ्यानं असं काम केलं. चार गावांत, मतदारयादीतून काढलेल्या नेमक्या नावाच्या माणसाकडे जायचं, तो शेतात असला तर शेतात गाठायचं. तो परत आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, मतदार म्हणजे काय ते आत्ता कळलं." राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिपही आहे, पण तिला ६० टक्के आणि वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो, म्हणून ती थोडी पुढची.

मामाला उत्तर दे की हो, कदाचित होईनही. पंचायतीला उभं राहायला एकवीस वर्षं पुरी लागतात. तू लवकरच तिथे येशील. राज्यशास्त्राच्या पोरांना सगळे अधिकारी व्हायला सांगतात आणि जिच्यावर आपला अख्खा विषय उभा आहे ती निवडणूक लढवायला कुणीच सांगत नाही, याचं मला नेहमी दुःख वाटत आलंय. मी तुला लढ म्हणत नाही. पण ती वाट यादीतून खोडू नकोस.

आणि कॉलेजचं विचारलंस. कॉलेज वाईट आहे, तुझी तक्रार खरी आहे. रिकाम्या जागा तुझ्यावरचा अन्याय आहे, आणि तो दूर करायला विद्यार्थ्यांनी प्राचार्यांना, विद्यापीठाला लेखी निवेदन द्यायला हवं. त्या आठ-नऊ जणांच्या सह्यांनी द्या. सही म्हणजे काय असते ते तुला आता कळलेलं आहे.

प्रश्न : मॅडम, वय सत्तावीस. बी.ए. राज्यशास्त्र केलं आणि पुण्यात आलो. यू.पी.एस.सी.चे चार प्रयत्न झाले, एकदा मुख्य दिली, मुलाखतीपर्यंत पोहोचलो नाही. खुल्या प्रवर्गात आहे, दोन प्रयत्न उरलेत. अभ्यासिकेत सकाळी सातपासून बसतो, पण गेले सहा महिने पानं उलटतो आणि आत काही जात नाही. रात्री झोप लागत नाही. गावी दिवाळीला गेलो नाही, लोक विचारतात म्हणून. थांबलो तर पाच वर्षं वाया गेली असं होईल ना?
– एक परीक्षार्थी, पुणे

उत्तर : आधी गावी जा. आठ दिवसांसाठी, पुस्तकं न घेता. लोक विचारतील, त्यांना "चालू आहे" एवढंच सांग आणि आईजवळ बस. झोप सहा महिने लागत नसेल तर डॉक्टरांना दाखव. कुणाशी बोलावंसं वाटलं तर मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. हे मी सगळ्यांत आधी लिहिते आहे, कारण बाकीचं सगळं त्यानंतर.

आता आकडे बघ, ते तुला दोषमुक्त करतील. २०२४च्या परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले. ५,८३,२१३ जण पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले. मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीला २,८४५, आणि शेवटच्या यादीत १,००९ नावं होती. तू एकदा त्या चौदा-पंधरा हजारांच्या रांगेत होतास. साडेपाच लाखांहून जास्त हुशार पोरं जिथे पहिल्याच पायरीवर थांबतात तिथे तू त्यापुढे गेलास. पुढे जागाच इतक्या कमी आहेत की चांगला माणूस राहून जाणं हा त्या गणिताचाच भाग आहे.

मी तुला थांब किंवा चालू ठेव, असं सांगणार नाही. पण उरलेल्या दोनांपैकी किती प्रयत्न द्यायचे आणि शेवटचा कोणत्या वर्षी, हे आज कागदावर लिही आणि तो कागद वडिलांना दे. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला अडतीस आहे, आणि ती सवलत अनेकांचा घात करते. 'अजून वय आहे' म्हणत म्हणत पस्तिशी येते. माझ्या डोळ्यांसमोर आलेली आहे, दोघांची.

तो शेवटचा प्रयत्न देत असतानाच दुसरं काही सुरू कर. तीन वर्षांच्या एल.एल.बी.च्या सी.ई.टी.ला वयाची अट नाही, आणि संविधान तुला आजच वकिलांपेक्षा बरं येत असेल. एम.ए. बाहेरून करून सेट देता येईल. मराठी वर्तमानपत्रांना, वृत्तसंकेतस्थळांना धोरणं समजणारी, अर्थसंकल्प वाचू शकणारी माणसं हवी असतात. चार वर्षं रोज उत्तरं लिहून तुझा हात तयार झालाय, एकदा एखाद्या विधेयकावर आठशे शब्दांचा लेख लिहून पाठव. पाच वर्षं वाया गेली का, ते मला आत्ता सांगता येत नाही आणि तुलाही येणार नाही. पहिला पगार किंवा पहिली केस हातात आल्यावर त्याकडे पुन्हा बघ. घाई करू नकोस.

प्रश्न : माझ्या मुलाला वकील व्हायचं आहे. बारावी कला शाखा. त्यानं पाच वर्षांचा लॉ करावा की आधी बी.ए. राज्यशास्त्र? पुढे न्यायाधीश व्हायचं म्हणतो.
– एक पालक, सांगली

उत्तर : वकिलीच करायची हे पक्कं असेल तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्या, एक वर्ष वाचतं. बी.ए. तीन आणि लॉ तीन मिळून सहा होतात. पण अठराव्या वर्षी सगळं पक्कं असतंच असं नाही. मन थोडं जरी डळमळत असेल तर बी.ए. राज्यशास्त्र आधी करू द्या, कारण तिथून लॉ, स्पर्धा परीक्षा, शिक्षण, पत्रकारिता सगळीकडे जाता येतं. घटनात्मक कायदा शिकताना ते तीन वर्षांचं वाचन त्याच्या फार उपयोगी पडेल.

न्यायाधीशपदाबद्दल एक लक्षात ठेवा. २० मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीशांच्या भरतीसाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. म्हणजे पदवी झाली की लगेच परीक्षा, असं आता होणार नाही. मधली तीन वर्षं ज्युनियर म्हणून काढावी लागतील, आणि त्यात मिळकत थोडी असते. ती तीन वर्षं घर त्याला सांभाळू शकेल का, याचा हिशेब आत्ताच त्याला सोबत घेऊन करा.

आणि प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी त्याला एक दिवस तालुका कोर्टात पाठवा. सुनावणी खुली असते, कुणालाही मागच्या बाकावर बसता येतं. सकाळी अकराला बसू दे, संध्याकाळपर्यंत. तारखा पडताना बघू दे, बाहेर झाडाखाली पक्षकार थांबलेले असतात त्यांच्याशी बोलू दे. घरी आल्यावर "काय बघितलंस?" एवढंच विचारा, आणि तो बोलेल ते मधे न बोलता ऐका.